कार्डवर लिहिलं होतं, सांगितलं कुणीच नाही

महाराष्ट्रातले सर्जन, एंडोस्कोपी करणारे पोटविकारतज्ज्ञ आणि रुग्णालयं चालवणारे सर्व जण यांना,

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. यंदा फेब्रुवारीत आईच्या जुन्या ऑपरेशनची फाइल मागायला मी एका खासगी रुग्णालयात गेले होते. तीन वर्षांपेक्षा जुनी फाइल आम्ही ठेवत नाही, असं मला सांगण्यात आलं. आईला काय झालं ते मी त्यांना सांगितलं. आतले डॉक्टर बाहेर आले, आमच्याकडचं जुनं डिस्चार्ज कार्ड त्यांनी हातात घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “कार्डवर लिहिलं होतं की.”

ते रागावून बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. त्या ओळीत आईच्या पोटात ठेवलेली नळी कधी काढायची ते होतं, आणि ते आम्हाला कुणी समजावलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने विषय संपत नाही, म्हणून हे पत्र. त्यांचं किंवा रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका ठिकाणी घडणारं नाही.

आईचं पित्ताशय १२ मार्च २०१९ ला काढलं. त्याआधी वर्षभर जेवण झालं की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. खडे एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून आमच्या हातात दिले. सतरा होते, तूरडाळीपेक्षा थोडे मोठे. भेटायला येईल त्याला आई ती डबी हलवून दाखवायची.

चौथ्या दिवशी तिचं पोट फुगलं. आत पित्त गळत होतं. शहरातल्या दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे १९ मार्चला तोंडातून दुर्बीण घालून तिच्या पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या वाटेत, प्लास्टिकची नळी बसवली. स्टेंट म्हणतात तो हाच. गळती थांबली, आई वाचली. त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानते. पित्त गळणं चांगल्या हातूनही होऊ शकतं, हेही मला कळतं. माझी तक्रार त्या आठवड्याबद्दल नाही, त्यानंतरच्या साडेपाच वर्षांबद्दल आहे.

ही नळी कायमची नसते. गळती बुजली की काही आठवड्यांत ती पुन्हा दुर्बिणीतूनच काढायची असते. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिने नीट चालते. मग तिच्यात जंतू आणि गाळ साचतो, ती तुंबते, आणि तशीच राहिली तर तिच्याभोवती खडे धरू लागतात. तुम्हा डॉक्टरांसाठी हे पहिल्या पाठातलं असेल. मला ते २०२४ च्या नोव्हेंबरात कळलं.

दुसऱ्या रुग्णालयातून मिळालेलं कार्ड इंग्रजीत होतं. वर बारा ओळी गोळ्यांच्या. सगळ्यात खाली हाताने लिहिलेलं, ‘स्टेंट रिमूव्हल आफ्टर सिक्स वीक्स’, म्हणजे सहा आठवड्यांनी नळी काढा. शेवटचा शब्द कागदाच्या कडेला जाऊन अर्धा दुमडला गेलेला. मी ते कार्ड तेव्हा हातात घेतलं होतं. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, एवढं विचारून घेतलं. ‘सिक्स वीक्स’ मला वाचता आलं होतं. पण जाताना सिस्टर म्हणाल्या होत्या की सहा आठवडे जड उचलू नका, म्हणून ते तेच असेल असं मी धरून चालले. ही माझी चूक मी सहा वर्षं नाही, आयुष्यभर बाळगणार आहे. तिच्यामागे तुमची चूक मात्र लपू नये.

दहाव्या दिवशी पहिल्या रुग्णालयात टाके काढले. त्यांनी कार्ड पाहिलं, जखम पाहिली आणि सांगितलं, “छान आहे, आता यायची गरज नाही.” नळी त्यांनी टाकलेली नव्हती. ज्यांनी टाकली होती, त्यांना वाटलं असणार, पुढचं मूळ डॉक्टर बघतील. दोन्ही दवाखान्यांत मोटारसायकलने दहा मिनिटांचं अंतर आहे. १९ मार्चपासून सहा आठवडे म्हणजे ३० एप्रिल. त्या दिवशी आमच्या घरी कुणाचाही फोन आला नाही.

पुढे कोरोना आला. २०२० मध्ये मी घरोघरी ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन फिरत होते. आईच्याही बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा वहीत लिहिला. तेव्हा ती नळी तिच्या पोटात दीड वर्ष झालेली होती.

२०२२ पासून तिला अधूनमधून थंडी वाजून ताप येऊ लागला. दोन-तीन दिवसांनी उतरायचा. कुणी टायफॉइड म्हणालं, कुणी मलेरिया. मलेरियाचं रक्त तर मीच काढून पाठवलं, काही निघालं नाही. तिच्या अंगाला खाज सुटायची, तळपायाला सगळ्यात जास्त. घामोळं समजून ती पावडर लावायची. एकदा डोळे पिवळे दिसले तेव्हा मी तालुक्याला बैठकीला होते. मावशी तिला शेजारच्या गावी काविळीचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. “बघ, उतरली,” मावशी म्हणाली. आठवडाभरात डोळे खरंच निवळले, म्हणून तिचा विश्वास बसला. नळी कधी तुंबायची, कधी बाजूने वाट काढून द्यायची, त्यामुळे कावीळ येत-जात होती, हे कुणाला माहीत?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती थंडीने अशी कापू लागली की खाट वाजत होती. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी यंत्र पोटावर फिरवता फिरवता थांबवलं आणि विचारलं, “यांना नळी कधी टाकली होती?”

आई म्हणाली, “कसली नळी?”

पुण्याला दोन वेळा दुर्बिणीतून प्रयत्न करावे लागले. पहिल्यांदा नळी ओढताना तुटली. दुसऱ्यांदा उरलेला तुकडा निघाला. त्या डॉक्टरांनी तो मला दाखवला. पेनातल्या रिफिलएवढी जाडी, वरून तपकिरी खड्याचं पुटकुळ्यापुटकुळ्यांचं आवरण, आणि आतलं भोक पूर्ण बुजलेलं. पित्तनलिका त्या जागी अरुंद झाली आहे. ती रुंद राहावी म्हणून आता शेजारी शेजारी नव्या नळ्या घातल्यात. दर तीन महिन्यांनी त्या बदलायच्या, असं साधारण वर्षभर. तरी अरुंदपणा राहिला तर मोठं ऑपरेशन. आतापर्यंतच्या खर्चासाठी दोन म्हशींपैकी एक विकली आणि माझ्या पाटल्या गहाण आहेत.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण माझं म्हणणं त्यातूनच आलंय.

माझ्याकडे ड्यू लिस्ट असते. कोणत्या बाळाचा कोणता डोस कधी द्यायचा आहे, त्याची यादी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. एखादी बाई लसीकरणाच्या दिवशी आली नाही तर मी तिच्या घरी जाते. ती ऊसतोडीला गेली असेल तर कोणत्या कारखान्यावर गेली ते विचारून ठेवते. तांबी बसवली तर बाईला कार्ड मिळतं, त्यावर बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख लिहिलेली असते. क्षयरुग्णाने गोळ्या सोडल्या तर मला विचारणा होते. माझं शिक्षण दहावी. हे सगळं एका वहीत मावतं.

आणि मोठ्या रुग्णालयात, संगणक असलेल्या ठिकाणी, माणसाच्या पित्तनलिकेत तीन महिने टिकणारी वस्तू बसवली जाते आणि ती कधी काढायची याची यादी कुणाकडेच नसते.

नळीची गोष्ट आमच्या घरची. पण ऑपरेशननंतर महिन्यांनी, वर्षांनी उद्भवणारे इतरही त्रास मी माझ्या गावात पाहिलेत. तेही तुमच्यासमोर ठेवते.

एका बाईला पित्ताशय काढल्यापासून जेवण झालं की पाच मिनिटांत संडासला पळावं लागतं. पिशवी गेल्यावर पित्त साठत नाही, सतत आतड्यात उतरत राहतं, आणि काही जणांना त्याने जुलाब होतात. त्यावर पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पावडर मिळते. या बाईला तीन डॉक्टरांनी ‘मनावर घेऊ नका’ एवढंच सांगितलं. दरवर्षी पायी पंढरपूरला जाणारी ही बाई चार वर्षं वारीला गेली नाही, का ते तिने घरातही धड सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आधी कुणी एका वाक्यात कल्पना दिली असती, तर ती लाजत बसली नसती.

एकाची बेंबीजवळची जखम भरून आली, आणि पाचव्या आठवड्यात तिथून पाणी येऊ लागलं. साध्या अँटिबायोटिकने बरं होईना. शेवटी कळलं की हे क्षयाच्या जातकुळीतल्या वेगळ्या जंतूंचं इन्फेक्शन आहे आणि औषध महिनोन् महिने घ्यावं लागेल. हे जंतू पाण्यात राहतात. दुर्बिणीची अवजारं औषधाच्या पाण्यात पुरेसा वेळ बुडवली नाहीत किंवा नंतर साध्या नळाच्या पाण्याने धुतली तर ते जखमेत जातात. हे रोखणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. यात रुग्णाने करण्यासारखं काहीच नाही.

काढलेल्या पित्ताशयाची तपासणी हा तिसरा मुद्दा, आणि मला तो फार खुपतो. खडे आमच्या हातात डबीत दिले. पिशवीचं काय झालं? ती प्रयोगशाळेत गेली का, रिपोर्ट आला का, कुणी वाचला का, आम्हाला आजही माहीत नाही. क्वचित एखाद्या पित्ताशयात आधीच कर्करोग सुरू झालेला असतो, सोनोग्राफीत तो दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. रिपोर्ट यायला आठवडा लागतो, तोवर माणूस गावी पोचलेला असतो. खडे ही घरी नेऊन दाखवायची वस्तू झाली आणि ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो तो कागद तसाच राहिला.

नलिकेत मागे राहिलेले खडे, छिद्रातून पुढे होणारा हर्निया, चिकटलेल्या पिशवीचा थोडा भाग सुरक्षिततेसाठी आत ठेवला असेल तर त्यात पुन्हा होणारे खडे, हेही आहेच. यातली बरीचशी गुंतागुंत कुणाच्या निष्काळजीपणामुळे होते असं मी म्हणत नाही. पित्तनलिकेला इजा होणं दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत घडतं, असं मला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे बाकीचे सगळे त्यातून सुटतात. खडे दुखत असतील तर ऑपरेशन करून घ्या, असं मी आजही गावातल्या बायकांना सांगते.

पण एक गोष्ट बदलली आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात केली. त्याआधी पोटावर वीतभर चीर आणि दवाखान्यात लांबचा मुक्काम असायचा. आता तिसऱ्या दिवशी माणूस घरी. गरिबाच्या मजुरीचे दिवस वाचले, हे फार मोठं काम झालं. मात्र मुक्काम कमी झाला तसा बोलायचा वेळही गेला. पूर्वी राउंडला आठ वेळा येणारे डॉक्टर आता दोनदा भेटतात. सगळं सांगणं त्या कार्डावर ढकललं गेलं, आणि कार्ड राहिलं इंग्रजीत, घाईच्या अक्षरात.

फेब्रुवारीत ते ‘कार्डवर लिहिलं होतं की’ ऐकून आल्यावर मी एक वही केली. माझ्याकडे गावातली २१४ घरं आहेत. ‘पित्ताची पिशवी काढलेलं कुणी आहे का’ एवढंच विचारत फिरले. तीन संध्याकाळी लागल्या. नऊ जण निघाले. प्रत्येकाचं कार्ड मागितलं. चौघांना सापडलं नाही. उरलेल्या पाचांमध्ये एक गवंडीकाम करणारे दादा होते, त्यांच्या कार्डाच्या पाठीमागे स्टेंटची ओळ होती. चौदा महिन्यांपूर्वीची. त्यांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “ती आतच विरघळते ना, टाक्यासारखी?”

पुढच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर एसटीने गेले. नळी निघाली. खडा धरायला सुरुवात झाली होती, पण अख्खी निघाली.

म्हणून माझ्या मागण्या या आहेत.

नळी बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने नळ्यांची नोंदवही ठेवावी. तीत रुग्णाचं नाव, दोन मोबाइल नंबर, बसवल्याची आणि काढायची तारीख असावी. तारखेच्या आठवडाभर आधी फोन करावा. फोन लागला नाही तर रुग्णाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की ही नावं आशांच्या ड्यू लिस्टमध्ये घालावीत. आम्ही जाऊ. या कामाचा वेगळा मोबदला आशांना मिळावा, हेही स्पष्टच मागते.

नळी काढून घेण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडून आला असेल तर त्यांना लेखी कळवावं आणि त्यांची पोच घ्यावी. नळी ठेवल्याचं कुणी समजावलंच नाही, अशा रुग्णाची राहिलेली नळी काढायचे पैसे घेऊ नयेत.

काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासणीला जावं. रिपोर्ट आला की रुग्णाला फोन जावा आणि तो त्याच्या हातात पडावा.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे रुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितलं की ७२ तासांत द्यायचं असतं. ज्याच्या शरीरात काढायची वस्तू ठेवली आहे, त्याचं रेकॉर्ड ती वस्तू निघाल्याची नोंद होईपर्यंत नष्ट करू नये. त्यासाठी नियम बदलायची वाट पाहू नका, ते तुम्ही आजही ठेवू शकता.

तीन महिन्यांनी एक तपासणी ठेवावी. जुलाब, खाज, ताप, जखमेतून पाणी, हे तेव्हा मुद्दाम विचारावं, कारण लोक आपणहून सांगत नाहीत.

आणि डिस्चार्ज कार्ड मराठीत हवं. २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. फेब्रुवारीत मी बसले होते तिथे भिंतीवर ती मराठीत लावलेलीही होती. भिंतीवर मराठी चालतं, तर रुग्णाच्या हातातल्या कागदावर का नाही? औषधांची नावं हवी तर इंग्रजीत राहू द्या. खालचा मजकूर मी गावातल्या सहा बायकांना वाचायला देऊन, त्यांना अडलेले शब्द बदलून तयार केला आहे. तुमच्या रुग्णालयाचं नाव वर छापून तो जसाच्या तसा वापरा, मला विचारायचीही गरज नाही.

तुमच्या पित्ताची पिशवी पूर्ण काढली आहे / थोडा भाग आत ठेवला आहे.
तुमच्या पोटात नळी आहे / नाही.
ही नळी आपोआप विरघळत नाही. ती ______ या तारखेला काढायची आहे. बरं वाटत असलं तरी यायचं आहे.
पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट ______ या तारखेला मिळेल. तो घेऊन डॉक्टरांना दाखवा.
थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळी, अंगाला खाज, पांढरट संडास, पोटात कळ, यातलं काहीही झालं तर महिना झालेला असो की पाच वर्षं, लगेच या. काविळीचं गावठी औषध घेऊ नका.
जेवणानंतर वारंवार जुलाब होत असतील तर सांगा, त्यावर औषध आहे.
जखमेतून पाणी किंवा पू आला तर दाखवा, मलम लावत बसू नका.
या नंबरवर फोन करा: ______
हे मला मराठीत वाचून दाखवलं. रुग्णाची सही / अंगठा ______ सांगणाऱ्याचं नाव ______

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
सोलापूर जिल्हा